रुळावर वीज, इंजिनात अक्कल

(भोर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत भोर आणि राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यांतील श्रोत्यांसमोर दिलेले व्याख्यान, किंचित संक्षेपाने)



राजगड-तोरण्याच्या मुलखात इतिहासावर बोलणाऱ्याला श्रोते हमखास मिळतात. छोट्या रेल्वे इंजिनाच्या पोटातल्या वायरिंगला किती मिळतील, याची आयोजकांना धाकधूक असणार. त्यातून आपल्याकडे रेल्वे नाही. पुस्तकांतला 'भोर घाट' निघतो कर्जत-खंडाळ्याचा, आणि आपल्याला गाडी बघायची तर नीरा, जेजुरी नाहीतर पुणे गाठावं लागतं. तरी सुरुवात त्याच घाटापासून करतो.

१८६३ साली तो घाट रेल्वेला खुला झाला. चढ ३७ मीटरला १ मीटर. भरलेली गाडी पुढच्या इंजिनाला एकट्याने चढवत नाही, म्हणून कर्जतला मागून ढकलणारी इंजिनं लागतात. वर पोचलं की ती सुटतात आणि उलटी खाली येतात. गाडी पुढे पुण्याकडे जाते. आता हाच प्रसंग घरातल्या टेबलावर, १:८७ प्रमाणातल्या, साडेसोळा मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर करून बघा. जुन्या पद्धतीच्या मांडणीत तो जमणार नाही.

का जमणार नाही? जुन्या पद्धतीत इंजिनाला स्वतःचं डोकं नसतं. रुळांत शून्य ते बारा व्होल्ट डीसी सोडायचा. व्होल्ट वाढवले की वेग वाढला, धन-ऋण उलटवलं की इंजिन उलटं निघालं. म्हणजे हुकूम इंजिनाला नाहीच, रुळाला आहे. त्या रुळावर दोन इंजिनं असतील तर दोन्ही एकदमच निघणार, एकदमच थांबणार. मागचं परत फिरवायला गेलात तर पुढचंही माघारी येईल. यावर उपाय म्हणून लोक रूळ तुकड्यांत तोडत, प्रत्येक तुकड्याला वेगळं बटण देत. मांडणी वाढली की टेबलाखाली वायरींचं जंगल. कोथरूडचं भाऊ जोशींचं, १९९८ पासून लोकांसाठी खुलं असलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलं असेल. पुढच्या वेळी गाड्यांबरोबर त्या चालवणाऱ्या पॅनेलकडेही जरा बघा.

गंमत अशी, की खऱ्या रेल्वेत असं कधीच नव्हतं. १९२५ साली मुंबईत पहिली विजेची गाडी धावली तेव्हा वरच्या तारेत १५०० व्होल्ट होते. आज २५ हजार असतात. गाडी थांबवायची म्हणून कोणी तारेतली वीज कमी करत नाही. तार भरलेली असते, आणि किती घ्यायचं ते इंजिनात ठरतं. आपल्या शब्दांत सांगायचं, तर पाट कायम भरून वाहतो आणि ज्याच्या-त्याच्या शेताचं दार वेगळं उघडतं.

मॉडेल रेल्वेत ही व्यवस्था आणली डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, पद्धतीने. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीने ती घडवली, आणि १९९४ च्या सुमारास अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने तिचं प्रमाण ठरवलं. त्यामुळे एका कंपनीचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीचं इंजिन चालवू शकतो. इथे रुळांत कायम चौदा-पंधरा व्होल्ट असतात, पण त्यांची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते. अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असली तर तो 'एक', १०० किंवा जास्त असली तर 'शून्य'. याच एक-शून्यांतून हुकूम जातो. वीज आणि निरोप एकाच रुळावरून.

निरोप कसा असतो ते फळ्यावर लिहितो. आधी इंजिनाचा पत्ता, समजा ३ : ००००००११. मग आज्ञा, पुढे अमुक वेगाने : ०१११०१००. शेवटी पडताळा : ०१११०१११. पहिले दोन आकडे एकाखाली एक मांडा. जिथे अंक सारखे तिथे शून्य, जिथे वेगळे तिथे एक. पडताळा बरोबर तोच येतो. रुळावरच्या धुळीने एखादा अंक जरी बिघडला तरी मेळ बसत नाही, आणि इंजिनातला डिकोडर, म्हणजे निरोप वाचून मोटर चालवणारं छोटं सर्किट, तो निरोप टाकून देतो. चार नंबरचं इंजिन तर हा निरोप आपला नाही म्हणून ढुंकूनही बघत नाही.

आता जुन्या इंजिनात हा डिकोडर बसवायचा कसा? इंजिन उघडल्यावर लगेच सोल्डरिंग आयर्न गरम करायला ठेवू नका. आधी चाकं धरून ठेवायची, बारा व्होल्ट द्यायचे आणि क्षणभरच मोटर किती अँपिअर ओढते ते मोजायचं. छोट्या डिकोडरची झेप बहुधा एका अँपिअरच्या आसपास असते. जुन्या मोटरचं चुंबक उतरलं असेल तर ती जास्त ओढते. मग मोठा डिकोडर घ्या किंवा मोटर बदला.

दुसरं काम सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या इंजिनांत मोटरचा एक कार्बन ब्रश पुष्कळदा सरळ धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो, आणि सांगाडा चाकांमार्फत रुळाला. ब्रश सांगाड्यापासून तोडल्याशिवाय डिकोडर जोडलात, की इंजिन धूर सोडतं, आणि तो वाफेचा नसतो. मल्टिमीटर लावून खात्री करा : ब्रश आणि चाक यांच्यात 'बीप' वाजता कामा नये.

मग जोडणी. लाल आणि काळी वायर रुळांकडून, नारिंगी आणि करडी मोटरकडे, निळी दिव्यांचा सामाईक प्लस, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या. एलईडी असेल तर रेझिस्टर विसरायचा नाही. जोडावर टेप नको, ऊन लागल्यावर तिचा गोंद सुटतो. गरम केल्यावर आकसणारी नळी चढवा. मोटरवर जुना कपॅसिटर असेल तर बहुतेकदा काढावा लागतो, तो डिकोडरच्या कामात अडथळा आणतो.

इंजिन चाललं की खरी मजा सुरू होते. डिकोडर मोटरला पूर्ण व्होल्टेजचे बारीक-बारीक ठोके देतो. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणात फिरणारी मोटर स्वतःच जनित्र होते. तिची वीज मोजून डिकोडरला खरा वेग कळतो. चढ आला, वेग पडला, की तो ठोके लांबवतो. चढावर गाडी अडखळत नाही ती त्यामुळे. निघायला किती वेळ, थांबायला किती, सगळं आकड्यांत साठवता येतं. आणि आता मागचं इंजिन ढकलतं, माथ्यावर सुटतं, एकटं परत येतं. घाट टेबलावर उतरला.

हे महागड्या कंट्रोलरशिवायही होतं. अर्डुइनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड आणि त्यावर बसणारं, मोटरला वीज पुरवणारं मोटर शील्ड यांच्यावर चालणारी डीसीसी-ईएक्स ही प्रणाली खुली आहे, फुकट उतरवून घेता येते. भोर-राजगड तालुक्यांतल्या ज्या शाळेत अर्डुइनोचा संच कपाटात असेल, तिथल्या मुलांना ती पेलेल. यातून मुलं बायनरी शिकतील, मोटर आणि जनित्र एकच कसं हे शिकतील, आणि वायर तोडण्याआधी मोजायला शिकतील. म्हणून माझी विनंती शिक्षकांना आहे : कपाट उघडा, एक जुनं इंजिन मिळवा, आणि पहिली मोजणी मुलांच्या हातून होऊ द्या.

आता तुमचे प्रश्न घेतो.