आगमनकाळातला आनंद



वसंताच्या मांडवात मी नाताळाआधीच्या थंडीचा विषय काढतो आहे, याचे काहींना नवल वाटेल. पण युनियनच्या कामात माझा निम्मा जन्म वाट पाहण्यात गेला. कधी निकालाची, कधी थकलेल्या पगाराची. तेव्हा वाट पाहण्याचाच ज्यांनी सण केला, त्यांच्याविषयी मला कुतूहल वाटावे हे साहजिक आहे.

नाताळापूर्वीचे चार रविवार आगमनकाळाचे. रोमन परंपरेत वेदीपाशी तेव्हा जांभळा रंग असतो, तो प्रायश्चित्ताचा. तिसऱ्या रविवारी मात्र धर्मगुरूंना गुलाबी वस्त्र चालते, कारण तो दिवस आनंदाचा. त्या आनंदाची आज्ञा पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातली आहे, आणि ते पत्र लिहिताना पौल बेड्यांत होता!

हँबुर्गला योहान विखर्न नावाच्या धर्मोपदेशकाने १८३३ साली निराधार मुलांसाठी आश्रम काढला. नाताळ कधी, नाताळ कधी, असे मुलांचे टुमणे चाले. १८३९ साली त्याने गाडीचे एक चाक घेतले आणि त्यावर वीस लहान व चार मोठ्या मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लहान पेटवायची, रविवारी मोठी. आजचे आगमनचक्र त्यातूनच आले. मुलांच्या हाती अजून काही पडले नव्हते, पण दिवस मोजता येऊ लागले. 'बघू, लवकरच' हे मालकाचे उत्तर उपासापेक्षा वाईट. तारीख पक्की कळली, की तोच माणूस गेटवर रिकाम्या पोटी थट्टामस्करी करू लागतो. हे मी कितीदा तरी पाहिले आहे.

विखर्न आमच्यातला नव्हे, हेही सांगतो. १८४८ च्या क्रांतीत त्याला नास्तिकपणाच दिसला. गरिबांकडे चर्चने जावे, एवढेच त्याचे म्हणणे. गरिबांनी उठावे हे त्याला रुचणारे नव्हते. इथे माझे त्याच्याशी भांडण आहे, आणि साक्षीला मी त्याच्याच बायबलातली मरिया काढतो. लूकच्या पहिल्या अध्यायात तिचे गीत आहे. त्यात सत्ताधीश आसनांवरून खाली येतात, भुकेल्यांची पोटे भरतात, धनवान रित्या हाताने परततात. आणि हे सारे ती घडून गेल्यासारखे गाते. तेव्हा हेरोद गादीवरच होता, आणि मूल अजून तिच्या पोटात.