ताईला आम्ही खोटे सांगितले होते

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत माजी सैनिकांच्या वतीने केलेले भाषण)



आम्हाला बोलायला उभे केले, पण आम्हाला भाषण येत नाही. पलटणीत बोलायची सवय नसते, ऐकायची असते. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला शाळेत बोलावतात, हार घालतात, नारळ देतात. 'दोन शब्द बोला' म्हणतात आणि तिसऱ्या शब्दाला घड्याळ बघतात. आज तुम्ही म्हणालात, वेळ घ्या, जे झाले ते सांगा. म्हणून आलो.

आम्ही म्हणजे कोण? कोणी मराठा लाईट इन्फंट्रीतले, कोणी महार रेजिमेंटमधले. कोणी तोफखान्यात होते. कोणी गोळी झाडली नाही, वीस वर्षे रसदीचा ट्रक चालवला. पण भरतीला जाण्याआधी सगळेच कोरडवाहू होतो आणि परत आल्यावरही कोरडवाहूच राहिलो. मधली वर्षे तेवढी सरकारची.

आधी एक खरे सांगून टाकू. आम्ही फौजेत का गेलो? लाउडस्पीकरवर सांगतात, देशभक्तीने पेटून गेले. देशभक्ती होती, नाही म्हणत नाही. पण पोट आधी होते. बारा एकर कोरडवाहू, तीन भाऊ, दोन बहिणी लग्नाच्या. हस्ताचा पाऊस झाला तर ज्वारी, नाही झाला तर कडबासुद्धा नाही. एक तोंड कमी झाले आणि महिन्याला चार पैसे आले तर घर तगेल, असा हिशेब बापाने केला आणि आम्ही छाती मोजायला रांगेत उभे राहिलो.

आपल्या भागात भरतीची परंपराही जुनी नव्हती. साताऱ्याकडे आजा, बाप, नातू सगळे पलटणीत. तिकडे एका गावाचे नावच मिलिटरी अपशिंगे पडले आहे. आपण तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. आमच्या बापांनी पाहिलेली हत्यारबंद माणसे म्हणजे रझाकार. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज आत आली आणि १७ तारखेला सगळे संपले. वर्दीतला माणूस आपल्या बाजूचाही असतो, हे आमच्या गावांना तेव्हा पहिल्यांदा कळले. त्यानंतर वीस वर्षांत आमची पिढी भरतीला गेली.

जायचे तरी कसे? लातूरचा गडी बार्शी लाईटच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडीला जाई, तिथून मोठी गाडी. नांदेडचा गडी मीटर गेजने मनमाडपर्यंत. आई गाडीजवळ उभी राहून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी हातात देई. पत्ता म्हणून एकच सांगितलेले असायचे, 'मार्फत ९९ एपीओ'. आमच्यातल्या एकाच्या आईला कितीतरी दिवस वाटायचे की एपीओ हे गावाचे नाव आहे. बाजाराला आलेल्या माणसांना ती विचारायची, तिकडे पाऊस कसा आहे?

पंजाबी जवान विचारायचे, कुठला तू? मुंबई, पुणे त्यांना माहीत. नांदेड म्हटले की हात जोडायचे. 'हुजूर साहिब!' आपण ज्या गावात सरकी विकायला जातो ते गाव या माणसांसाठी तीर्थ आहे, हे आम्हाला फौजेत कळले. त्या एका नावावर आम्हाला लंगरमध्ये जास्तीची रोटी मिळालेली आहे. पण रोटी गव्हाची. ज्वारीच्या भाकरीसाठी जीव कासावीस व्हायचा.

आणि ज्वारीचे काय चालले होते? १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी 'जय जवान, जय किसान' म्हटले. अमेरिकेच्या गव्हावर देश जगत होता, म्हणून सोमवारची रात्र उपाशी काढा असे त्यांनी सांगितले आणि लोकांनी काढली. घोषणा चांगली होती, माणूसही चांगला होता. पण तेव्हा सीमेवर असलेल्यांना घरून पत्रे काय यायची? 'लेव्हीची ज्वारी घालायची आहे, घरात नाही, बाजारातून चढ्या भावाने घेऊन सरकारला पडत्या भावाने घालावी लागली.' एका घरातला एक पोरगा जवान आणि दुसरा किसान. एकाचा जयजयकार पगारासकट, दुसऱ्याचा लेव्हीसकट. पत्र वाचून जवानाने काय करायचे? पत्र खिशात ठेवायचे आणि पहाऱ्यावर जायचे.

आता १९७१.

३ डिसेंबरला लढाई सुरू झाली. आमच्यातले काही पूर्वेला होते, आज ज्याला बांगलादेश म्हणतात तिकडे. जमालपूरची हकीकत तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. मराठा लाईट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीने जमालपूरच्या मागचा रस्ता अडवून धरला होता. आपल्या ब्रिगेडियरने ९ डिसेंबरला एका म्हाताऱ्या बंगाली माणसाच्या हाती चिठ्ठी पाठवली, शरण या. पाकिस्तानी कर्नलने उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. पुढच्या रात्री त्यांनी फोडून निघायचा प्रयत्न केला. तो फसला आणि ११ तारखेला जमालपूर पडले. त्याच दिवशी संध्याकाळी टांगाईलजवळ आपले छत्रीधारी सैनिक उतरले. ती दोन नंबरची पॅरा पलटणही मूळची मराठ्यांचीच. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. त्र्याण्णव हजार माणसे कैद झाली.

हे पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते सांगतो.

१७ डिसेंबरला येळवस होती. लातूरकडच्या माणसाला येळवस काय ते सांगायला नको. ज्वारीच्या रानात कडब्याची कोप, त्यात पांडव मांडलेले, भज्जी, उंडे, आंबील, सगळे गाव शिवारात. तिकडे आम्ही बसलो होतो कापलेल्या भाताच्या रानात. आदल्या दिवशी जिंकलेलो. एकाने भाताच्या पेंढ्याची हातभर कोप केली, पाच खडे ठेवले, मगातला चहा आंबील म्हणून शिंपडला. आम्ही हसलो आणि मग कोणीच बोलले नाही. कारण आमचा सहावा माणूस त्या पंगतीत नव्हता.

तो आमच्याच तालुक्यातला होता. नाव सांगत नाही, घरची माणसे आहेत. लढाईच्या शेवटच्या दिवसांत पोटात लागले. रात्रभर जिवंत होता. पोटात लागलेल्याला पाणी द्यायचे नसते, तसे शिकवलेले असते. तो पाणी मागत होता. आम्ही दिले नाही. ओले फडके ओठांना लावत राहिलो. उजाडायच्या आत गेला.

त्याच्या आईला पत्र आम्ही लिहिले. 'तो जागीच गेला, काही त्रास झाला नाही.'

पुढच्या वर्षी सुट्टीवर आलो तेव्हा मराठवाड्यात १९७२ चा दुष्काळ होता. गावात माणूस दिसेना, सगळे दुष्काळी कामावर. त्याची आई, तिला सगळे गाव ताई म्हणे, रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. घरात रेशनची लाल मिलो. ती भाकरी थापताना तुटायची. ताईने ती आमच्यापुढे ठेवली आणि एकच विचारले, "पाणी मागितलं होतं का रे त्यानं?"

आम्ही म्हणालो, "नाही ताई."

ती बराच वेळ आमच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "जेवा."

भावांनो, पन्नास वर्षांवर झाली. ताई केव्हाच गेली. ते उत्तर आम्ही आज पहिल्यांदा मागे घेतो आहोत. तेव्हा खरे सांगायला हवे होते की नाही, आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. पण तिला ते कळले होते, असे आम्हाला वाटते.

आता या गोष्टीचा दुसरा भाग ऐका, तो तुमच्या कामाचा आहे. ताईची पेन्शन दोन वर्षे अडली. कशामुळे? पोराचे नाव पलटणीत एक आणि गावच्या दप्तरात दुसरे. भरतीच्या दिवशी बाबूने ऐकले तसे लिहिले होते. बापाच्या नावातही एक अक्षर वेगळे. कचेरीत म्हणाले, हा तो नव्हेच. देशासाठी मेला तो वेगळा आणि तुझ्या पोटचा तो वेगळा! शेवटी आम्ही सोबत्यांनी लिहून दिले की आम्ही एका खंदकात होतो, हा त्याच आईचा मुलगा. मग कागद सरकला. म्हणजे आमच्या आठवणीची किंमत रुपयात झाली. आठवण ही नुसती हळहळ नसते, ती साक्ष असते. साक्षीदार मेला की दावा बुडतो.

आणखी एक आठवण. शरणागतीनंतर कैद्यांवर पहारा होता. त्यांतला एक मुलतानकडचा. आमच्या हाताकडे बघून म्हणाला, घरी कपास आहे का? बोंडाच्या टोकांनी ओरखडलेली बोटे त्यालाही ओळखू आली. त्याच्याकडे नहराचे पाणी, आमच्याकडे आभाळाचे. त्याने विचारले, भाव काय मिळतो? आम्ही सांगितला. तो हसला, म्हणाला, तुमचेही तसेच आहे तर. आम्ही मित्र झालो असे सांगणार नाही. त्याच्या माणसांनी आमची माणसे मारली होती आणि आम्ही त्याची. पण दोन्हीकडचे मेले ते बहुतेक शेतकऱ्यांचेच होते.

पुढे आमच्या धाकट्या सोबत्यांच्या वाट्याला श्रीलंका आली, १९८७ ते १९९०. महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर परमेश्वरन तिथेच २५ नोव्हेंबर १९८७ ला पडले, त्यांना परमवीर चक्र मिळाले. अकराशेहून अधिक जवान तिथे गेले. ती लढाई कशासाठी होती हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून तिथून परतलेल्यांना कोणी विचारतही नाही. न जिंकलेल्या लढाईतल्या माणसाला हारही मिळत नाही.

आणि ३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली. तेव्हा आमच्यातले कितीतरी घरी होते, कोणी पेन्शनीवर, कोणी सुट्टीवर. फौज मदतीला आली. आम्हीही फावडे घेऊन गेलो. लढाईत मेलेली माणसे पाहिली होती, पण पाळण्यातली पाहिली नव्हती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद, झोपेतच सगळे खाली आले. फौजेतली पोरे बाजूला जाऊन रडायची आणि परत येऊन दगड उचलायची. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला फौज म्हणजे काय विचारा, तो बंदूक सांगत नाही, फावडे सांगतो.

आता हिशेबाकडे येऊ, कारण हिशेबाशिवाय उठलो तर तुम्ही आम्हाला शेतकरी म्हणणार नाही.

आमच्या गावात लोक म्हणतात, फौजीची शेती बरी. बरी का? ज्वारी आमचीही तेवढीच, कापसाला बोंडअळी आमच्याही तेवढीच. फरक एवढाच की दर महिन्याला पेन्शन येते. बियाणे, खत, फवारणी पेन्शनीतून आणि तोटाही पेन्शनीतून. सरकारने आम्हाला दिलेली पेन्शन आम्ही मातीत घालतो आणि कापूस म्हणून स्वस्तात परत करतो. पेन्शन नसलेला आमचा भाऊ हाच तोटा सावकाराकडून भरतो. शेती तगते ती शेतीवर नव्हे, हे आमच्या घरात उघड दिसते.

जवानाला पेन्शन मिळायची ती पंधरा वर्षांच्या नोकरीवर. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षे नोकरी, शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस पुढे कायम. बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाख रुपये एकरकमी, पेन्शन नाही. आमची पोरे अजूनही पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात. पळू द्या, आम्ही अडवत नाही. पण घरात बसून हिशेब करा. बाविशी-पंचविशीत परत आलेला पोरगा त्याच बारा एकरांवर येणार, आता वाटण्या होऊन तीन एकरांवर. ती रक्कम बोअरमध्ये आणि बहिणीच्या लग्नात किती दिवस पुरते, हे आम्ही सांगायला नको.

म्हणून आम्ही तीन गोष्टी मागतो. हार नको, नारळ नको.

पहिली. गावच्या बैठकीत वर्षातून एकदा एक तास माजी सैनिकाला द्या. भाषणाला नव्हे, विचारायला. त्यात ट्रक चालवणारा आणि स्वयंपाक करणारा यांनाही बसवा. कॉलेजात शिकणाऱ्या पोराने वही घेऊन लिहून घ्यावे: तारीख, ठिकाण, सोबतीला कोण होते. निजामाशी लढलेली माणसे आपण निम्मी लिहायच्या आतच गेली. आता १९७१ ची जायला लागली आहेत.

दुसरी. घरी गेल्यावर पत्र्याची पेटी उघडा. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा हुकूम, म्हणजे पीपीओ, काढा. बायकोचे नाव, तिची जन्मतारीख पलटणीच्या कागदात आहे का आणि आधारशी जुळते का, ते आजच बघा. चूक असेल तर नवरा जिवंत असताना दुरुस्त होते, नंतर तिला दारोदार फिरावे लागते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय याच कामासाठी आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला चुकवू नका. शिकलेल्या कार्यकर्त्याने गावातल्या एकेका विधवेचा कागद हाती घ्यावा.

तिसरी. 'जय जवान' म्हणताना जवानाच्या घरातली ज्वारी आणि कापूस काय भावाने गेला, तेही विचारा. दोघे एकाच चुलीवर जेवतात.

पुढच्या बैठकीला आम्ही पुन्हा येऊ. येताना आम्ही आमच्या सहाव्या माणसाचा कागद लिहून आणू, त्याच्या खऱ्या रात्रीसकट, आणि त्याच्या पुतण्याच्या हाती देऊ. त्याला विचारून घेतले आहे. तो म्हणाला, "आणा. आजीला कळलं होतं, आम्हालाही कळू द्या."

तुम्हीही तुमच्या गावातला एक कागद घेऊन या.