पाकपुस्तक घेणार कोण?

(महोत्सवानिमित्त पादरा येथे महिला शाखेच्या वतीने केलेले भाषण)



येथील मराठी घरांच्या पाककृतींचे पुस्तक काढून त्याचे उत्पन्न न्यासाच्या शिष्यवृत्ती-निधीस द्यावे, अशी आमची सूचना आहे. ती मांडताच प्रश्न आला, "घेणार कोण?" प्रश्न रास्त आहे. मोबाईलवर हवी ती कृती फुकट मिळत असता पदरचे पैसे कोण मोडील?

ह्या कामात अमेरिकेतील चर्चच्या स्त्रियांचा हातखंडा. तेथे यादवी युद्ध चालू असता १८६४ साली फिलाडेल्फियास जखमी सैनिकांच्या मदतीसाठी मोठी जत्रा भरली. तिच्यासाठी मारिया मॉस ह्या बाईंनी पाककृतींचे पुस्तक सिद्ध केले. पुढे गावोगावच्या चर्चमंडळ्यांनी तोच मार्ग धरला. कोणाला प्रार्थनामंदिराचे छप्पर घालायचे होते, कोणाला अनाथांसाठी निधी हवा होता. त्यांची रीत मोठी शहाणपणाची. कृतीखाली ती देणाऱ्या बाईचे नाव छापायचे आणि छपाईचा खर्च गावातल्या दुकानदारांच्या जाहिरातींतून काढायचा. मग विक्रीचा पैसा बहुतेक निधीतच पडतो. शिवाय नाव छापलेली बाई एक प्रत स्वतःस घेते, एक लेकीस देते, आणि एक जावेला दाखवायला ठेवते!

आपल्याकडेही हे नवे नाही. मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने १९४३ साली मराठीत 'रसचंद्रिका' काढली. तीत पाककृतींच्या जोडीला घरगुती औषधे आणि सणवारही आहेत. १९९१ साली ती इंग्रजीत आली, म्हणून मराठी वाचता न येणाऱ्या नातीही आज आजीची आमटी करू शकतात. मुंबई-वसईकडील मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या संस्थेनेही १९८१ साली आपले पाकपुस्तक छापले. त्यांचा बाटलीत भरून ठेवायचा मसाला घरोघर निराळा. तो कागदावर उतरला हे बरेच झाले.

आणि १९७० सालची कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' कोणास ठाऊक नाही? तिच्या लाखावर प्रती खपल्या, त्याचे एक कारण म्हणजे तिची मापे. 'अंदाजाने मीठ' म्हटले की नवशिकी मुलगी रडकुंडीस येते. म्हणून आमची अट अशी की, प्रत्येक कृती वाटी-चमच्याने मोजून लिहावी आणि दुसऱ्या घरी करून पाहिल्यावरच ती छापावी. ह्यात थोडी भांडणे होतील. होऊ द्या.

आता मुख्य गोष्ट. गायकवाडीत नोकरी-चाकरीनिमित्त आलेल्या आपल्या घराण्यांचा स्वयंपाक आता पुण्याचा राहिला नाही आणि गुजराती तर झालाच नाही. आपल्या अळूवडीला शेजारीण पात्रा म्हणते आणि तिच्या हातचा उंधियू संक्रांतीला आपल्या पानात येतो. आपल्या आमटीत गोडा मसाला आहे, पण गूळ शेजारच्या हाताने पडतो! ही आमटी पुण्याच्या पुस्तकात सापडणार नाही, मोबाईलवर तर नाहीच. ती सत्तरी ओलांडलेल्या बायकांच्या हातात आहे, आणि त्यांतल्या कित्येकींनी कधी चार ओळी लिहून ठेवलेल्या नाहीत. गेल्या काही वर्षांत अशा किती जणी गेल्या ते आपण जाणताच. म्हणून ज्यांना लिहिणे होत नाही त्यांच्या चुलीपाशी आमच्या मुली वही घेऊन बसतील.

विक्रीबद्दल आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आधी नोंदणी, मग छपाई. जितकी नावे तितक्या प्रती, वर थोड्या जास्त. बडोदे, मुंबई आणि परदेशी गेलेल्या लेकी-सुनांना पत्रे आम्ही घालू. लग्नामुंजीत आहेराला हे पुस्तक द्यावे. फुकट प्रत मात्र कोणासही नाही, विश्वस्तांनाही नाही; फुकटचे पुस्तक माळ्यावर जाते. जाहिरातींसाठी आम्ही बाजारपेठेत फिरणार आहोत. वाणी, भांडीवाले आणि भाजीचे व्यापारी ह्यांच्या ओळखी ज्यांना आहेत त्या बंधूंनी बरोबर यावे.

नोंदणीची वही दाराशी मांडली आहे. अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी चार प्रतींचे पैसे भरून पहिले नाव घातले आहे. अध्यक्षांना हे आत्ताच कळत असावे.