गाडीखाली शिरताना

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'स्त्रिया आणि तंत्रज्ञान' या विषयावर मला बोलायचं आहे. मी समाजकार्य शिकलेली बाई. म्हणून मोठं काही न सांगता आमच्या संघटनेच्या जुन्या मारुती व्हॅनबद्दल सांगते.

एका रात्री मार खाऊन घराबाहेर पडलेली बाई आणि तिची दोन मुलं गाडीत होती. चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं, करपल्यासारखा वास सुटला, गाडी पुढे सरकेना. नवरा मोटारसायकलवर मागे येईल या भीतीनं ती बाई मुलांची तोंडं दाबून बसली होती. शेवटी एका टेंपोवाल्यानं आम्हाला ओढत नेलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला म्हणाला, "क्लच गेला, गिअरबॉक्सपण आवाज करतोय. अख्खा बदला. साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो." आमच्यात साहेब कुणी नाही! आणि तेवढे पैसेही नव्हते.

आमच्या बचत गटातल्या एक वहिनी पिठाची गिरणी चालवतात. त्यांनी गाडी चालू करायला लावली. गाडी न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवरून काढलेला, तेव्हा घरघर येत होती. क्लच दाबला की थांबत होती. "हे बेअरिंग आहे. माझी गिरणी असंच बोलते," वहिनी म्हणाल्या. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी दुजोरा दिला: क्लच दाबल्यावर आवाज आला असता तर दोष रिलीज बेअरिंगचा, दाबल्यावर थांबतो म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. इतकी वर्षं बेअरिंगं बदलणाऱ्या वहिनींना 'मेकॅनिक' मात्र कुणी म्हटलं नव्हतं. आम्हीही नाही.

मग माझ्या घराच्या अंगणात आम्ही तिघींनी काम काढलं. काका खुर्चीवर बसून सांगायचे, हात आमचे. पहिला धडा: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. खाली लोखंडी घोड्या लावायच्या. विटा नाहीत, त्या फुटतात. बॅटरीची तार काढायची. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे, त्यामुळे इंजिन न उतरवता काम होतं. आधी गिअर ऑइल काढायचं, मग प्रोपेलर शाफ्ट. नाहीतर तेल अंगावर येतं. गिअरबॉक्स खाली घेताना एकीनं जॅक सांभाळायचा, दोघींनी आधार द्यायचा. ताकदीपेक्षा एकमेकींना सांगून हलणं महत्त्वाचं.

क्लच प्लेट पार झिजलेली निघाली. गिअरबॉक्सचा प्रत्येक भाग जुन्या साडीवर, काढला त्याच क्रमानं मांडला. बेअरिंगच्या कड्यावर नंबर कोरलेला असतो. तोच दुकानात सांगायचा. पुलरनं जुनं बेअरिंग काढलं. नवं शाफ्टवर बसवताना दाब आतल्या कड्यावरच द्यायचा, बाहेरच्या कड्यावर ठोकलं तर गोळ्या खराब होतात. सोबत रिलीज बेअरिंगही नवं घातलं, कारण त्यासाठी पुन्हा एवढं उतरवणं परवडलं नसतं.

तरी परत उतरवावं लागलंच. क्लच प्लेट आम्ही उलटी बसवली होती! गिअर पडेना. मला रडू आलं. वहिनी म्हणाल्या, "पोळी करपली म्हणून चूल मोडतो का?" पुढच्या रविवारी पुन्हा सगळं खाली घेतलं.

त्या आठवड्यात मी १९४८ चा कारखाना कायदा काढून वाचला. त्याच्या २२व्या कलमात चालू यंत्रावरची काही कामं फक्त खास प्रशिक्षण दिलेल्या, घट्ट कपडे घातलेल्या प्रौढ पुरुषाला दिली होती. बाईला अल्पवयीन मुलांच्या बरोबरीनं अशा कामांपासून दूर ठेवलं होतं. चालू यंत्र धोक्याचंच. पण प्रशिक्षण आणि घट्ट कपडे बाईला देता आले नसते का? संरक्षण म्हणताना शिकण्याची वाट बंद होते, हे आपल्याला घरातूनही ठाऊक आहे. "तू राहू दे, तुला लागेल." चुलीवर भाजलं तेव्हा कुणी असं म्हटलं होतं?

प्रत्येकीनं गाडीखाली शिरावं असं मी म्हणत नाही. आपल्या कामाचा बोजा आधीच कमी नाही. परंतु संघटना ज्या वस्तूवर चालते, तिचा आवाज आपल्यातल्या दोघींना तरी ओळखता यायला हवा. गॅरेजमध्ये जायचं तर प्रश्न विचारत जायचं, आणि काढलेला जुना भाग परत मागून घ्यायचा.

त्यानंतर ती व्हॅन त्याच चढावरून रात्री पुन्हा गेली आहे. गाडीतल्या बाईला क्लच कुणी बदलला ते ठाऊक नव्हतं. ती झोपली होती.

दुपारच्या सत्रात वहिनी जुनी क्लच प्लेट आणि ते बेअरिंग घेऊन येणार आहेत. हात काळे करायची तयारी ठेवा.