मंगळवारची गोळी

आज मेडिकल ऑन्कोलॉजी आणि क्लिनिकल हिमॅटॉलॉजीची डीएम पदवी घेणारे तरुण डॉक्टर, आणि मागच्या रांगांत बसलेले त्यांचे आईवडील, सासूसासरे, नवरे, बायका,

एमबीबीएस, मग एमडी, मध्ये बॉन्ड, मग पुन्हा प्रवेशपरीक्षा आणि ही तीन वर्षं. तुमचे शाळासोबती घरं घेऊन, मुलांना शाळेत घालून स्थिरस्थावर झाले, तेव्हा तुम्ही रात्री अडीच वाजता प्लेटलेटच्या पिशवीसाठी रक्तपेढीत फोन लावत होतात. ती वर्षं घरच्यांनीही काढली आहेत. म्हणून पहिलं अभिनंदन त्यांचं.

मला आज एका गोळीबद्दल बोलायचं आहे. मेथोट्रेक्सेट, अडीच मिलिग्रॅम. लहानशी, पिवळी, स्वस्त. तुमच्यातल्या प्रत्येकानं ती असंख्य वेळा लिहून दिली आहे. तिची जन्मकथा मात्र आपण रेसिडेंटना फारशी सांगत नाही.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. इथल्या गिरणीकामगार बायकांना गरोदरपणात एक घातक ॲनिमिया होत असे. काचेवर रक्त पसरून पाहिलं तर तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत, पण आजार नेहमीच्या पर्निशस ॲनिमियाशी जुळत नव्हता. विल्सनं परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बसून काम केलं. या बायका काय खातात याची तिनं चौकशी केली, माकडांना तसाच निकृष्ट आहार देऊन पाहिला, आणि शेवटी यीस्टचा स्वस्त अर्क, बाजारात मिळणारं मार्माइट, दिल्यावर रक्त भरून येतं हे दाखवलं. १९३१ मध्ये तिचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्या अर्कातल्या अनोळखी घटकाला बरीच वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. तेच आपलं फोलिक ॲसिड.

त्याच १९३१ साली मेहेरबाई टाटा ल्युकेमियानं गेल्या. तेव्हा या आजारावर जगात कुठेही औषध नव्हतं. पैसा, ओळखी, युरोपातले डॉक्टर, कशाचाच उपयोग नव्हता. त्यांच्या पतीच्या, सर दोराबजींच्या, नावाच्या ट्रस्टनं १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभं केलं. हाफकिनपासून ते हाकेच्या अंतरावर आहे.

या दोन गोष्टी जिथे जुळल्या ती जागा मात्र मुंबईत नाही. बोस्टनचे पॅथॉलॉजिस्ट सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना फोलिक ॲसिड दिलं, तर आजार जास्तच भडकल्यासारखा दिसला. त्यांनी विचार उलटा फिरवला: ज्या घटकावर या पेशी पोसतात तोच तोडला तर? फोलिक ॲसिडसारखी दिसणारी, पण पेशीला उपाशी ठेवणारी रसायनं तयार होत होती लेडर्ले कंपनीत, येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी सोळा मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. ॲमिनोप्टेरिन दिल्यावर त्यांतल्या दहा मुलांचा आजार मागे हटला होता. काही आठवडे, काही महिने, एवढाच. पण त्याआधी औषधानं तो असा कधीच हटला नव्हता. मेथोट्रेक्सेट हे ॲमिनोप्टेरिनचं धाकटं भावंड.

म्हणजे या केमोथेरपीच्या मुळाशी मुंबईच्या गिरणीकामगार बायका आहेत. त्यांची नावं कुठल्या निबंधात नाहीत. पण एका डॉक्टरनं त्यांच्या अशक्तपणाला ‘गरिबी, दुसरं काय’ असं म्हणून बाजूला सारलं नाही. तिनं त्यात शास्त्राचा प्रश्न पाहिला. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की तुमच्या ओपीडीतला गरीब पेशंट जो प्रश्न घेऊन येतो, तो या शास्त्राचा पहिल्या प्रतीचा प्रश्न आहे. अडचण म्हणून त्याची नोंद करून पुढे जाऊ नका.

त्याच गोळीचं पुढचं पाहा. लहान मुलाच्या ल्युकेमियात सुरुवातीचे दणकट डोस संपले की मेंटेनन्स सुरू होतं. सिक्स-एमपी रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, आणि हे दीड-दोन वर्षं. श्रीमंत देशांत आज अशी दहापैकी नऊ मुलं बरी होतात. प्रोटोकॉल आपल्याकडेही तोच आहे, औषधंही तीच आहेत. तरी आपली मुलं मागे पडतात. त्याचं एक मोठं कारण तुम्हाला माहीत आहे: मूल खेळायला लागतं, डोक्यावर केस येतात, आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं. वडिलांचा रोज बुडतो. गाडीभाडं, मुंबईत राहण्याची सोय, घरी ठेवलेली दुसरी पोरं. मग एक तारीख चुकते. वर्षभरानं तेच मूल रिलॅप्स घेऊन येतं.

याला आपण फाइलवर ‘डिफॉल्ट’ असं लिहितो. हा शब्द मला फार खुपतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत कधी संध्याकाळी जाऊन बसा. प्रत्येकाच्या उशाशी एक कापडी पिशवी असते. तिच्यात फाइल, बायोप्सीचे ब्लॉक, रेशनकार्डाची झेरॉक्स, जनआरोग्य योजनेचा कागद, आणि तळाशी गोळ्यांच्या पट्ट्या. ही माणसं काही सोडून देणारी नसतात. शेत गहाण टाकून ती इथवर आलेली असतात.

आणि त्या पट्ट्यांत मेथोट्रेक्सेटची पट्टी असते. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर तोंड सोलवटतं, काउंट कोसळतात, माणूस दगावू शकतो. चूक होते ती इंग्रजीत खरडलेल्या तीन अक्षरांमुळे, औषधाच्या दुकानातल्या घाईमुळे, आणि कुणी समोर बसवून न सांगितल्यामुळे. म्हणून प्रिस्क्रिप्शनवर मराठीत, ठळक लिहा: ‘फक्त मंगळवारी’. जो वार ठरेल तो. पेशंटकडून वदवून घ्या. वाचता येत नसेल तर कॅलेंडरवर त्या वारांना गोल करून द्या. बाजाराचा वार निवडलात तर आणखी चांगलं, तो घरात कुणी विसरत नाही. तीन वर्षांच्या सुपरस्पेशालिटी शिक्षणात हा भाग परीक्षेला येत नाही. व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाइनच्या पिशवीत द्यायचं, म्हणजे ते चुकूनही कुणाच्या मणक्यात जाणार नाही, हे तुम्ही शिकलात. आठवड्याच्या गोळीचा वार त्याच तोलामोलाचा आहे.

आता तोंडाचा कॅन्सर. तंबाखू, मशेरी, गुटखा. आपल्या राज्याला वेगळं सांगायला नको. पेशंट येतो तेव्हा गाठ गालातून बाहेर आलेली असते, ऑपरेशनची वेळ टळून गेलेली असते. अशा वेळी सिस्प्लॅटिन द्यायचं तर ॲडमिशन हवी, सलाइन हवं, किडनी धड हवी. टाटा मेमोरियलच्या विजय पाटील, कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं, घरी घेता येतील अशा गोळ्यांनी काय होईल? आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब, हे साधं दुखण्यावरचं औषध. सिस्प्लॅटिनच्या गटात मध्य आयुर्मान ६.१ महिने होतं, गोळ्यांच्या गटात ७.५. त्रासही कमी. २०२० मध्ये ते लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलं.

पुढचं पाऊल जास्त धाडसाचं होतं. निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध आपल्याकडच्या फार थोड्या पेशंटना परवडतं. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम. याच डॉक्टरांनी अशाच गोळ्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानं १६.३ टक्के पेशंट हयात होते, निवोलुमॅबची जोड दिल्यावर ४३.४ टक्के. पूर्ण डोसशी तुलना त्या चाचणीत नव्हती, हे मी मुद्दाम सांगते, कारण तो प्रश्न अजून मोकळा आहे आणि तो तुमच्या पिढीसाठी आहे. पण ‘कमी डोस म्हणजे गरिबांची तडजोड’ असं कुणी म्हणालं तर ते ऐकून घेऊ नका. किती औषध खरोखर लागतं हा फार्माकॉलॉजीचा मूळ प्रश्न आहे. श्रीमंत देशांना तो विचारायची घाई नव्हती, आपल्याला होती.

बार्शीचंही असंच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिथल्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या, टाटा मेमोरियलच्या आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या लोकांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास केला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली हे जाहीर झालं आणि जगभरचं धोरण त्यानं बदललं. ज्या गटाला तपासणी दिली नव्हती त्यावरून पुढे वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. जिच्या शरीरातून आपण उत्तर मिळवतो तिला त्या उत्तराचा वाटा मिळाला पाहिजे. तुम्ही संशोधन कराल तेव्हा एथिक्स कमिटीचा कागद पुढे येण्याआधी हे स्वतःला विचारा.

हिमॅटॉलॉजीवाल्यांनो, तुमच्याशी थोडं वेगळं. जनुकांचे अहवाल आता कुरियरनं येतात. ते हवेतच. पण रात्री कॅज्युअल्टीत अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त आणि ताप घेऊन विशीतली मुलगी येते, तेव्हा अहवालाची वाट पाहत बसलात तर सकाळपर्यंत मेंदूत रक्तस्राव झालेला असेल. स्मिअर स्वतः करा, स्वतः रंगवा, स्वतः पाहा. प्रोमायलोसाइटमध्ये ॲवर रॉड्सची जुडी दिसली की ॲट्राची कॅप्सूल त्याच क्षणी द्यायची, पक्कं निदान मागाहून. शांघायमध्ये वांग झेन्यी यांनी ॲट्रा आणलं, हार्बिनमध्ये आर्सेनिक पुढे आलं, आणि महागडी औषधं परवडत नव्हती म्हणून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं एकट्या आर्सेनिकवर पेशंट बरे करून दाखवले. पहिले काही दिवस निभावले तर हा ल्युकेमिया आज बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. सगळं त्या पहिल्या रात्रीवर असतं.

आणि नंदुरबार, गडचिरोली. तिथल्या सिकलसेलच्या पोराला हायड्रॉक्सियुरिया मिळालं तर त्याच्या वेदना आणि ॲडमिशन दोन्ही कमी होतात. मुळात हे ब्लड कॅन्सरवर वापरलं जाणारं औषध. महाग नाही. अडतं ते डोस ठरवणाऱ्या आणि काउंट पाहणाऱ्या माणसावाचून.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी घडवलेल्या सीएआर-टी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा मला अतिशय आनंद झाला. ते आपल्या मातीतलं विज्ञान आहे आणि तुमच्यातले काहीजण त्यातच रमतील. रमा. फक्त आपल्या विषयाची हीच एक उंची आहे असं समजू नका.

एक गोष्ट मला शिकवायला कुणी नव्हतं, तुम्हालाही फारसं कुणी शिकवलेलं नसेल. मुलगा आधी आत येतो, दार लोटून घेतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, आईला आजाराचं नाव सांगू नका.’ त्याच्या बोलण्यात माया असते, तिचा अपमान करू नका. पण आईला आत बोलवा, तिला बसवा, आणि विचारा, ‘आई, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? की मी मुलाशीच बोलू?’ पुष्कळ बायका म्हणतात, ‘मला ठाऊक आहे, पोराला सांगू नका, तो घाबरेल.’ दोघं एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत असतात, आणि तोडगा एका वाक्याच्या अंतरावर असतो. उपचार थकले की मॉर्फिन लिहायला कचरू नका. परवाना, रजिस्टर, कपाटाची किल्ली ही सगळी कटकट आहे, ती करा. वेदनेनं ओरडणाऱ्या माणसाला ‘आता काही करण्यासारखं नाही’ असं सांगून घरी पाठवणं हे वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे, कारण करण्यासारखं असतं.

पुढच्या महिन्यात तुम्ही कुठे ना कुठे रुजू व्हाल. कुणी मुंबई-पुण्यात, कुणी लातूर, अकोला, रत्नागिरी, पणजीत. पहिल्याच आठवड्यात, जमलं तर पहिल्याच दिवशी, तुमच्याकडे पेशंट पाठवलेल्या तालुक्याच्या डॉक्टरला फोन करा. हिमोग्लोबिन पाच आहे, पांढऱ्या पेशी भलत्याच वाढल्यात, हे पहिल्यांदा त्यानं पाहिलेलं असतं. बहुधा चिठ्ठीवर दोन ओळी लिहून त्यानं पेशंटला एसटीत बसवलेलं असतं आणि पुढे त्याचं काय झालं हे त्याला कुणीच कळवलेलं नसतं. त्याला निदान सांगा. कोणती गोळी कोणत्या वारी द्यायची, काउंट किती खाली गेले तर थांबायचं, ताप आला तर तासाभरात कोणतं अँटिबायोटिक टोचायचं, हे सांगा. तुमचा नंबर त्याला द्या आणि रात्री त्याचा फोन आला तर उचला.