डोंगर, खाडी आणि निसर्गाची नोंदवही



मुंबई आणि ठाणे या शहरांच्या कुशीत एकीकडे बोरिवली-येऊरचे डोंगर आहेत, तर दुसरीकडे ठाण्याची खाडी. तिच्या एका भागास २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला. या दोन्ही ठिकाणी वर्षातून एकदाच जाणाऱ्याची फसगत होण्याचा संभव असतो.

कारवीचेच उदाहरण घ्यावे. डोंगरउतारावरील ही झुडपे साधारणतः आठ वर्षांतून एकदा एकाच वेळी फुलतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असा बहर २००८, २०१६ आणि २०२४ साली आला. फुलांवर मधमाश्यांची झुंबड उडते. पुढे झुडपे वाळतात आणि सारा उतार मेल्यासारखा दिसतो. परंतु वाळलेली बोंडे तडकून बी भुईवर पडते व पावसाबरोबर नवी रोपे उगवतात. उतार ओसाड समजून तेथे माती उकरली, तर पुढची पिढीच नाहीशी होते.

खाडीवरही असेच घडते. पावसाळा सरता सरता तिवरांवर अळ्या पडतात आणि पाहता पाहता झाडे निष्पर्ण होतात. मग रोग आल्याची आवई उठते आणि औषध फवारणीची मागणी होते. वस्तुतः डोंगरात सागाची पाने खाणारी अळी तीच ही. तिचे पुढे पतंग होतात, पक्ष्यांना खाद्य मिळते आणि काही आठवड्यांत तिवरास पुन्हा पालवी फुटते. फवारलेले विष मात्र भरतीच्या पाण्यात उतरून कोळंबी-खेकड्यांपर्यंत पोहोचते. त्याची झळ अखेर कोळी बांधवांनाच लागते.

म्हणूनच नियमित निरीक्षणाची गरज आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह एकच वाट ठरवून दर पंधरवड्यास फेरी काढावी. तारीख, जागा, झाडाचे स्थानिक नाव, त्यावरील कीटक आणि तो पान खातो की मध घेतो, एवढे लिहिले तरी पुरे. फांदी तोडू नये, कीटक डबीत कोंडू नये. खाडीवर जाताना ओहोटीची वेळ पाहावी. मुंबईच्या किनाऱ्यावर अष्टमीच्या सुमारास ती दुपारी येते.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. अशा नोंदींनी ती जिवंत राहील. एखादी जागा निरुपयोगी ठरविण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी तिची बाराही महिन्यांची पाने उलटून पाहावीत, एवढीच अपेक्षा.