छोट्यांचा सर्व्हर कोठे गेला?



आपल्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत तुमच्यापैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी राबत असते. तेथल्या लहान कारखान्याची कचेरी म्हणजे चार-पाच संगणक, आणि कोपऱ्यात रात्रंदिवस चालू असणारा आणखी एक. हा सर्व्हर. त्याला कचेरीचा दप्तरदार म्हणा. हिशेब, नकाशे, चलने तो सांभाळतो व मागेल त्याला काढून देतो.

असा दप्तरदार पूर्वी एकदा पैसे मोजून विकत मिळे. मायक्रोसॉफ्टचे 'स्मॉल बिझनेस सर्व्हर' पंच्याहत्तर माणसांपर्यंतच्या कचेरीसाठी होते. 2011 ची आवृत्ती शेवटची ठरली. घरगुती वापराचे 'विंडोज होम सर्व्हर' 2007 साली आले, तेही 2011 च्या आवृत्तीनंतर थांबले. अ‍ॅपलचे सर्व्हर सॉफ्टवेअर 2009 साली 499 डॉलरला होते, 2012 साली वीस डॉलरला आले. दुकानदार भाव पाडू लागला की तो दुकान आवरतो आहे, हे बाजारात बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. 2018 साली त्यातील बहुतेक सोयी काढल्या गेल्या आणि 21 एप्रिल 2022 रोजी ते बंदच झाले.

असे का झाले? इंटरनेट वेगवान झाले, आणि एकदा विकण्यापेक्षा दरमहा भाडे घेणे कंपन्यांना परवडू लागले. भाड्याच्या सेवेचे फायदे मी नाकारीत नाही. वीज गेली, डिस्क बिघडली, तरी काळजी त्यांची. पण भाडे माणशी मोजले जाते आणि ते थकले की आपलेच दप्तर आपल्याला बंद होऊ शकते. मायक्रोसॉफ्टच्या टपाल-सर्व्हरच्या 2016 व 2019 च्या आवृत्त्यांचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्यांच्या जागी आलेली आवृत्ती आपल्याच यंत्रावर चालते, परंतु वर्गणी भरूनच.

दुसरीकडे, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनेही या विक्रीचा पाया काढून घेतला. 1991 साली लिनक्स आले. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने पुढे 'सांबा' म्हणून ओळखल्या गेलेल्या कामाला आरंभ केला. लिनक्सच्या यंत्रावरील फायली विंडोजच्या संगणकांना पुरवायचे काम सांबा करते. पैसा लागत नाही. मात्र जाणता माणूस लागतो, आणि तोच मिळत नाही.

म्हणून आय.टी.आय. व डिप्लोमाच्या मुलामुलींना मी म्हणतो, घरातला टाकाऊ संगणक घ्या, त्यावर लिनक्स व सांबा बसवा. मग एक फाईल मुद्दाम खोडा आणि परत आणून दाखवा. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणे म्हणजे राखीव प्रत नव्हे, हे तेव्हा कळेल. चुकून खोडलेली फाईल दोन्हीकडून जाते! राखीव प्रत वेगळी काढावी लागते, आणि ती वेगळ्या घरात ठेवावी लागते.

पालकहो, तुमचा कारखाना, दुकान भाड्याच्या सेवेवर असेल तर पुरवठादाराला एवढेच विचारा: उद्या आम्ही सोडून गेलो, तर आमचे हिशेब कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत हाती द्याल? उत्तर लेखी घ्या, आणि वर्षातून एकदा ते हिशेब खरोखर उतरवून, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.